शाडूची फी

मी पेणचा. म्हणजे अलिबागच्याही अलीकडचा. 'अलिबागहून आलायस का?' हा प्रश्न मुंबईत ज्या अर्थानं विचारतात, त्या अर्थानं मी अजून अलिबागलाही पोचायचा होतो. त्याऐवजी पोचलो थेट न्यू जर्सीला. जानेवारी १९९९, दोन बॅगा, एक कुकर आणि कोबोल येणारं एक डोकं. २००० साल उजाडताच जगातले कॉम्प्युटर स्वतःला १९००मध्ये समजू लागतील अशी तेव्हा दहशत होती, आणि तसं होऊ नये म्हणून अमेरिकेनं आमच्यासारख्यांना विमानं भरभरून बोलावलं होतं. जग काही १९००मध्ये गेलं नाही. त्याचं श्रेय आम्हाला कुणी दिलं नाही, पण परतही पाठवलं नाही; आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

पेण सोडायचं खरं कारण मात्र कोबोल नव्हतं, माती होती. आमच्या घरचा गणपतींचा कारखाना. बाहेरच्यांना पेण म्हटलं की मखरातली सुबक मूर्ती आठवते. मला कोपरापर्यंत पांढरट झालेले माझेच हात आठवतात. भावनगरकडून शाडूच्या मातीची पोती यायची. ती भिजवायची, खडे वेचायचे, मग मळायची. मळून मळून कणकेसारखी झाली असं मला वाटलं की तात्या येत, अंगठ्यानं दाबून बघत आणि म्हणत, "अजून." मातीच्या विषयावर वडिलांशी माझं आयुष्यभरात झालेलं संभाषण एवढंच. मी इंजिनियर झालो तो या 'अजून'मुळे. लोक ज्ञानाच्या ओढीनं शिकतात, मी मातीच्या धाकानं शिकलो. गणितात मला जे गुण पडत, त्यातले निम्मे शाडूचे होते.

अशा माणसाच्या पोटी २००३ साली चिऊ जन्माला आली. आणि २०२०च्या हिवाळ्यात, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, पिठलं-भात खाता खाता तिनं जाहीर केलं की कॉलेजात ती शिल्पकला घेणार.

"शिल्पकला म्हणजे कॉम्प्युटरवर ना? थ्रीडी?" मी आशेनं विचारलं.

"नाही बाबा. क्ले."

पिठलं घशात अडकत नाही, तो पदार्थच तसा नाही, तरी अडकलं. ज्या मातीपासून मी साडेबारा हजार किलोमीटर पळालो, ती माझ्याआधी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. वर फी. वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे, राहणं-जेवण निराळं. तात्या हीच विद्या फुकट शिकवत. धपाट्यांचे वेगळे आकारही लावत नसत.

खरं सांगायचं तर आमच्या पिढीचं कलेशी वैर नाही. आमची भीती वेगळी आहे आणि ती कलेच्या कितीतरी आधी आमच्या घरात राहायला आली. ज्या माणसानं वर्षानुवर्षं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन वाचलंय, त्याला बिनभरवशाचं काहीच सोसत नाही. बुलेटिन म्हणजे अमेरिकन सरकारचं पंचांग: कुठल्या देशाच्या, कुठल्या वर्गातल्या, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांचा ग्रीन कार्डाचा योग आहे, ते त्यात छापतात. तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी दोन वर्षं मागे. जुलै २००७मध्ये तर ग्रहच वक्री झाले. आधी सगळ्यांच्या तारखा खुल्या केल्या, मग ऐन वेळी बंद केल्या, आणि पंधरवड्यानं पुन्हा खुल्या. मधल्या दिवसांत भारतीयांनी निषेध म्हणून इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलं पाठवली. मुन्नाभाईचा गांधीगिरीचा सिनेमा आदल्याच वर्षी येऊन गेला होता. खात्यानं ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवून दिली. त्यात माझाही एक गुच्छ होता.

माझी देवभक्तीही त्या तारखेच्या आसपास प्रखर होई. सिद्धिविनायकाला मी एकवीस मोदकांपासून सुरुवात केली आणि तारीख मागे जाईल तसा आकडा वाढवत नेला. हिशेब पुरा केला असं मला वाटतं. त्याला काय वाटतं, माहीत नाही.

तर चिऊला मी नीट समजावून सांगितलं. इथे शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित यांतला असेल तर वर आणखी दोन वर्षं. म्हणजे कलेपेक्षा गणित दोन वर्षं जास्त जगतं, हे सरकारनंच लिहून दिलंय. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, माझा जन्म इथला आहे. माझ्याकडे पासपोर्ट आहे."

हे माझ्या लक्षातच नव्हतं. डायबिटीस बापाकडून पोरांकडे जातो. मी धरून चाललो होतो की एच-वन व्हिसाही जात असणार.

बायकोनं मध्यममार्ग काढला. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं तर 'बीएफए करतेय' एवढंच सांगायचं. समोरचा आपणहून म्हणे, "बिझनेस फायनान्स अ‍ॅनालिटिक्स का? वा, स्कोप आहे हो!" बायको हसे. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिचं म्हणणं. हे जवळजवळ वर्षभर टिकलं. फुटलं ऑगस्ट २०२२मध्ये, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात. एका गृहस्थांनी आपल्या बँकेतल्या मुलाला चिऊकडे खास भेटायला आणलं आणि त्या दोघांचं बोलणं 'तुझं मॉडेलिंग कशात चालतं?' या प्रश्नापर्यंत पोचलं. चिऊ म्हणाली, "मातीत." अधिवेशन अटलांटिक सिटीत होतं. कसिनोंच्या गावात, स्लॉट मशिनच्या खणखणाटात उभं राहून, पुढचे दोन दिवस लोक मला काळजीनं सांगत होते की फाइन आर्ट्स म्हणजे शुद्ध जुगार.

त्याच लोकांना चिऊ लागे मात्र बारा महिने. नाटकाचा मागचा पडदा, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, मखर, हॉलच्या दारातली रांगोळी, 'आमच्या पिल्लांसाठी छोटंसं वर्कशॉप'. मोबदला ठरलेला: "कोपऱ्यात नाव टाक हं तुझं, अगदी हक्कानं." त्या सगळ्या कोपऱ्यांचं क्षेत्रफळ एकत्र केलं असतं तर एव्हाना एडिसनमध्ये तिचं टाउनहाउस झालं असतं.

या सगळ्यात माझाही दोष आहे, तो २०१५च्या जानेवारीतला. भारतातून आलेल्या पाहुण्यांना न्यूयॉर्क दाखवत होतो. थंडी अशी की कान आहेत की गळले, ते हात लावून बघावं लागत होतं. ऊब मिळावी म्हणून समोर दिसलं त्या गुगनहाइम म्युझियममध्ये शिरलो. आत वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन. जन्म नागपूरचा, घराणं गोव्याकडचं, शिक्षण मुंबईच्या जे.जे.तलं, पाहुण्यांची छाती फुगली. अकरा वर्षांची चिऊ एका चित्रापुढे जी उभी राहिली, ती हलेना. पाहुण्यांनी मान डावीकडे करून पाहिली, उजवीकडे करून पाहिली.

"यात आहे काय?"

"काही नाही," चिऊ म्हणाली. "मस्त आहे."

पाहुण्यांनी मग मला बाजूला घेऊन सांगितलं की डिसेंबर २०१३मध्ये मुंबईच्या लिलावात याच गायतोंड्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. मी त्या चित्राकडे पुन्हा, जरा आदरानं पाहिलं. "म्हणजे स्कोप आहे की!" तेवढ्यात चिऊनं भिंतीवरची सनावळी मोठ्यानं वाचली: १९२४ ते २००१. स्कोप होता, फक्त वारल्यावर.

पुढे वादावादीच्या काळात तिनं माझ्यावर आणखी एक माणूस सोडला: विनायक पांडुरंग करमरकर. अलिबागजवळच्या सासवन्याचे. घरात गणपती करायचे. पोरवयात गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराज रंगवले, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डच्या नजरेस पडले आणि त्यानं पोराला जे.जे.त धाडलं. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला महाराजांचा घोड्यावरचा पुतळा या गणपतीवाल्याच्या मुलाचा. सासवन्याच्या त्यांच्या घरात आजही त्यांची शिल्पं मांडून ठेवलेली आहेत.

"पेणहून किती लांब आहे हे, बाबा?"

"असेल तास-दीड तास."

"मग पाहिलं असेल ना तुम्ही?"

गावात राहणाऱ्या माणसाला गावचं काही बघायचं नसतं, हे तत्त्व या पोरांना समजत नाही. मी म्हटलं, "त्यांना कलेक्टर मिळाला, तुला बाप मिळालाय. कलेक्टर एकरकमी उपकार करतो, बाप हप्त्यानं." आणि कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या.

कॉलेजात 'क्रिट' नावाचा एक विधी असतो. आपलं काम मधोमध ठेवायचं, सगळ्यांनी भोवती उभं राहून त्याला नावं ठेवायची आणि आपण खाली मान घालून ऐकून घ्यायचं. आपल्याकडे याला कांदेपोहे म्हणतात. तिथे फक्त पोहे नसतात. दुसऱ्या वर्षी चिऊनं मध्ये ठेवला वीतभर उंचीचा गणपती. मुलांनी डोकी लावली. हे विडंबन आहे का? स्थलांतराची वेदना? देवाच्या बाजारीकरणावर टीका? पितृसत्ता? (पितृसत्ता सगळ्यांच्या कामात निघते म्हणे, गाळात खडे निघावेत तशी.) शेवटी चिऊला बोलायची परवानगी मिळाली.

"तसं काही नाही. मी रोज याला नमस्कार करते."

खोलीत शांतता. उघड्या मॉडेलसमोर सहा-सहा तास निर्विकार चेहऱ्यानं चित्रं काढणारी ती पोरं एकमेकांची नजर चुकवायला लागली. बाई प्रेमळ होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे... खराखुरा नमस्कार?"

त्या रात्री तिचा फोन आला. "बाबा, इथे कशावरच विश्वास नाही म्हटलं की चालतं. आहे म्हटलं की लोक काळजीत पडतात." मला तिची दया आली, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. घरी आरतीच्या वेळी मोबाइलवर टिचक्या मारत उभी असणारी ही मुलगी होस्टेलच्या खोलीत रोज पूजा करत होती. उदबत्तीला बंदी, निरांजनाला बंदी, धूर दिसला की अग्निशामक दलाची गाडी. म्हणून सेलवरचा दिवा. देवापुढची वात सारतात तसे ती देवापुढचे सेल बदलत होती.

"काय मागतेस गं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग नमस्कार कशाला?"

पलीकडे ती बराच वेळ हसत होती. माझा प्रश्न अगदी मनापासूनचा होता.

मार्चमध्ये, तिच्या शेवटच्या सत्रात, पेणहून आई आली, सहा महिन्यांसाठी. वय ब्याऐंशी. कारखान्यात तिनं चाळीसेक वर्षं आखणी केली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. बाकीचं रंगकाम कुणीही करतो, डोळे एकाच हातानं व्हायचे, आणि तो हात आईचा. आई यायच्या आदल्या दिवशी बायकोनं चिऊची उघड्या माणसांची सगळी चित्रं गोळा करून आमच्या कपाटात, पैठण्यांच्या खाली दडवली. तिसऱ्याच दिवशी आईनं सुनेची पैठणी बघायला मागितली.

बायको देवघराकडे पळाली. आईनं चष्मा पुसला, एक कागद हातभर लांब धरला आणि चिऊला हाक मारली.

"ही उभी आहे ना बाई?"

"आजी, ते... आम्हाला कॉलेजात..."

"कपडे नाहीत ते मला दिसतंय. मी विचारते, वजन कुठल्या पायावर आहे हिचं? कंबर एकीकडे, खांदे भलतीकडे. दोन पावलं टाकली तर पडेल."

चिऊनं कागद हातात घेतला, पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला. त्या चित्रावर मास्तरांनी 'ऊर्जा आहे' असा शेरा दिला होता. पुढचा तासभर त्या दोघी पलंगावर कागद पसरून बसल्या होत्या. मी चहा द्यायच्या निमित्तानं दोनदा आत डोकावलो. दोन्ही वेळा कुणाच्या तरी नितंबांवर चर्चा चालू होती, म्हणून कप दारातच ठेवून परत फिरलो.

मग आई धंद्यावर आली. "वर्षाला किती नग होतात तुझे?"

"या वर्षी एक. थीसिसचा."

"एक? आणि तो जाणार कितीला?"

"विकायचा नाही, आजी. विरघळवायचा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. हिच्या फीबद्दल तू मला फोनवर सांगितलेला आकडा बरोबर होता ना, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

थीसिस असा: कच्च्या, न भाजलेल्या मातीचा तीन फुटी गणपती. गॅलरीत काचेच्या टाकीत ठेवायचा आणि वरून थेंब थेंब पाणी सोडायचं. सहा दिवसांत तो टाकीत विरघळून जायचा. प्रदर्शन एप्रिलमध्ये. मला धास्ती वाटत होती की भाद्रपदातली गोष्ट चैत्रात केली म्हणून आई बिथरेल. तिनं एकच विचारलं, "प्राणप्रतिष्ठा करणार आहे का ती?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग तो माल आहे. मालाला तिथी नसते."

डोळे काढायच्या दिवशी चिऊ पहाटे पाचला उठली. अंघोळ केली, चहा घेतला नाही, कुणाशी बोलली नाही, आणि गाडी काढून स्टुडिओत गेली. आई आखणीला बसायची तेव्हा कारखान्यात असंच असायचं. तात्यासुद्धा चपला बाहेर काढून दबक्या पावलांनी फिरत. हे चिऊला मी कधी सांगितलं नव्हतं. आईला विचारलं, तर तिनंही नाही. मी जास्त चौकशी केली नाही. ऑफिसचा कॉल होता.

प्रदर्शनाला आम्ही तिघं रोज गेलो. फीचे दोन लाख डॉलर भागिले सहा दिवस भागिले चोवीस. तासाला साधारण चौदाशे डॉलर पाण्यात जात होते. मी इंजिनियर आहे, असले हिशेब करावे लागत नाहीत, ते होतात. एक उंच, विद्वान दिसणारे गृहस्थ माझ्याशेजारी उभे राहून नश्वरतेबद्दल बरंच बोलले. मी सांगितलं, आमच्याकडे हे दीड दिवसात उरकतं. ते वहीत लिहून घेतलं त्यांनी.

चौथ्या दिवशी सोंड पडली. पाण्यात काही तरी हलकं पडल्यासारखा आवाज झाला. चिऊच्या वर्गातली एक मुलगी रडायला लागली. ही तीच, जिनं दुसऱ्या वर्षी 'पितृसत्ता' म्हटलं होतं. आई काचेला नाक लावून उभी होती.

"सोंडच आधी जायची," ती म्हणाली. "तिथे जोड असतो. पण डोळे बघ. अजून धरून आहेत."

सहाव्या दिवशी टाकीत गढूळ पाणी आणि खाली गाळ. कॉलेजच्या माणसानं तो नळीनं ओढून टाकायची तयारी केली, तर आई त्याच्या आडवी उभी राहिली. मराठीत. माती टाकतात का कधी? दोन बादल्या भरून माझ्या गाडीच्या डिकीतून ती माती घरी आली आणि गॅरेजात, माझ्या बर्फ काढायच्या फावड्याशेजारी, मुक्कामाला राहिली.

मे महिन्यात चिऊला पदवी मिळाली. टोप्या वगैरे उडवल्या. नोकरी आहे: मातीची भांडी शिकवणाऱ्या एका स्टुडिओत, तासाच्या बोलीवर. पुढचं विचारू नका, आम्हीही विचारत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मंडळातून फोन आला. गणपती सत्तावीस तारखेला. यंदा मंडळाला आणि पंधराएक घरांना मूर्ती 'आपल्या चिऊच्याच हातच्या' हव्यात, शाडूच्या, पर्यावरणपूरक. बजेटचं तेवढं... पण कोपऱ्यात नाव नक्की. बायकोनं चिऊकडे पाहिलं, चिऊनं माझ्याकडे पाहिलं, आणि आईनं फोन घेतला.

"नऊ इंची शंभर डॉलर. बारा इंची दीडशे. मंडळाची मोठी असेल, तिचं वेगळं बोलू. निम्मे आधी." मग थोडं ऐकून, "नाव आम्ही बुडाला टाकतो, कोपरा नको." मग आणखी थोडं ऐकून, "हो, भारतातून स्वस्त पडते ना, तर मागवा की. बोटीला महिना-दीड महिना लागतो. पेणच्या कारखान्याचा नंबर देऊ? माझा पुतण्याच बसतो गल्ल्यावर."

पलीकडे एकदम शांतता पसरली असावी. मग काही तरी विचारलं गेलं.

"होतील की तीन आठवड्यांत," आई म्हणाली. "माती मळायला माणूस आहे आमच्याकडे."

आणि फोन खाली ठेवता ठेवता तिनं माझ्याकडे पाहिलं.

सध्या मी ऑफिसचा शेवटचा कॉल संपवून गॅरेजात जातो. खडे वेचतो, मातीत कोपरापर्यंत हात घालतो. सव्वीस वर्षांनी हातांना कसं आठवतं कोण जाणे, पण आठवतं. काल तासभर मळली. कणकेसारखी झाली होती, अगदी लोण्यासारखी म्हटलं तरी चाललं असतं. चिऊ आली, तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं.

"अजून, बाबा."